खंडनाने वाचवलेलं पुस्तक

इसवी सन 178च्या आसपास केल्सस नावाच्या एका ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्माच्या चिंधड्या उडवायच्या इराद्याने एक पुस्तक लिहिलं. 'सत्य वचन' असं त्याचं नाव. आज जगातल्या एकाही ग्रंथालयात त्याची प्रत नाही. तरीही त्यातला बराचसा मजकूर आपल्याला वाचता येतो, आणि तोही केल्ससच्या एखाद्या चाहत्यामुळे नव्हे. ज्याने त्याचं पुस्तक खोडून काढलं, त्याच्याच पानांत केल्सस शाबूत राहिला आहे!

खोडून काढणारा होता ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेन. जन्म अलेक्झांड्रियाचा, पुढचं आयुष्य पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या कैसरियात. केल्ससचं पुस्तक लिहून सत्तरेक वर्षं झाली होती. ओरिजेनने साठी ओलांडली होती. अँब्रोज नावाच्या त्याच्या श्रीमंत स्नेह्याने ते पुस्तक पाठवून आग्रह धरला, की याला उत्तर द्याच. ओरिजेनला फारसा उत्साह नव्हता. खोट्या साक्षी झाल्या तेव्हा येशू स्वतः गप्प राहिला होता, मग आपण कशाला बोलायचं, असा त्याचा सूर प्रस्तावनेत दिसतो. ज्यांची श्रद्धा पक्की आहे त्यांना या पुस्तकाची गरजच नाही, असंही तो बजावतो. हे लेखन डळमळणाऱ्यांसाठी आणि या धर्माची ओळखच नसलेल्यांसाठी आहे.

ओरिजेन सांगायचा आणि लेखनिक टिपून घ्यायचे. त्याच्या बायबलवरच्या भाष्यांसाठी अँब्रोजने सातांहून जास्त लघुलेखक ठेवले होते. ते पाळीपाळीने बसत. शिवाय नकलाकार होते आणि सुंदर हस्ताक्षराच्या मुलीही होत्या, असं चर्चचा पहिला इतिहासकार युसेबियस सांगतो. केल्ससला उत्तर देतानाही ओरिजेनचा बेत नेहमीच्या पद्धतीचाच होता: आधी मुख्य मुद्दे आणि थोडक्यात उत्तरं टिपायची, मग त्यातून नीट बांधणीचा ग्रंथ करायचा. पण काही भाग सांगून झाल्यावर त्याने बेत बदलला. वेळ वाचवायला पुढे थेट केल्ससचे शब्द घ्यायचे आणि एकेकाला उत्तर देत जायचं, असं त्याने ठरवलं. हे त्याने प्रस्तावनेत स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

त्या निर्णयातून केवढं साधलं पाहा! ओरिजेनचा पहिला बेत तडीला गेला असता, तर केल्ससचा फक्त सारांश उरला असता, आणि तोही विरोधकाने केलेला. आता आठ भागांच्या त्या ग्रंथात तो मोठ्या अंशी स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या क्रमाने बोलतो.

आणि बोलतो काय? देवाला खाली उतरायची गरजच काय, वर बसून त्याला पृथ्वीवरचं कळत नव्हतं का? इतकी युगं तो काय करत होता? मेलेला उठला म्हणता, तर तो एका भ्रमिष्ट बाईला आणि दोनचार अनुयायांनाच का दिसला, शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशासमोर का नाही उभा राहिला? जग आपल्यासाठीच निर्माण झालं, असं मानणाऱ्यांना तो डबक्याकाठी सभा भरवणारे बेडूक म्हणतो. लोकर पिंजणारे, चांभार, धोबी घराघरांत शिरून बायकापोरांना हा धर्म शिकवतात, यावरही त्याचा जळफळाट आहे.

ओरिजेनची उत्तरं सगळ्यांनाच पटतील असं नाही. पुनरुत्थित येशू सगळ्यांना दिसला नाही, कारण ते पाहण्याची ताकद सगळ्यांत नव्हती, हे उत्तर संशयी वाचकाला पळवाट वाटेल. पण अटकेच्या रात्री पळालेले शिष्य पुढे याच गोष्टीसाठी मरायला तयार झाले, त्यांनी ती रचली असती तर हे घडलं असतं का, हा त्याचा प्रतिप्रश्न आजही टाळता येत नाही. चांभार-धोब्यांचा टोमणा तर तो उलटवतो: मूठभर शिकलेल्यांपुरतं तत्त्वज्ञान काय कामाचं? सगळ्यांना पचेल ते खरं.

याच्या उलट गत पॉर्फिरी या तत्त्वज्ञाची झाली. ख्रिस्ती धर्माविरुद्ध त्याने लिहिलेला ग्रंथ जाळून टाकण्याचा हुकूम 448 मध्ये रोमन सम्राटांनी काढला. त्याला दिलेली मोठमोठी उत्तरंही हरवली. परिणामी आज पॉर्फिरीचे तुकडेच हाती लागतात. जाळल्याने जे नाहीसं झालं, ते ती उत्तरं उरली असती तर त्यांच्या पानांत टिकलं असतं.

विरोधकाचं म्हणणं नीट मांडून मग त्याला उत्तर देणं, श्रद्धेची बाजू मांडणाऱ्या चांगल्या पुस्तकाची हीच पारख आहे. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस घ्या. आपल्या शास्त्रकारांसारखाच तो आधी पूर्वपक्ष मांडतो. देव आहे का, या प्रश्नावर त्याने दोनच आक्षेप घेतले आहेत: जगात दुष्टावा आहे, मग अनंत चांगुलपणा कुठे राहिला? आणि सगळं निसर्गाने आणि माणसाच्या बुद्धीने उलगडत असेल, तर देव हवाच कशाला? साडेसातशे वर्षं झाली, नास्तिकांची मुख्य अस्त्रं अजून हीच दोन आहेत.

हा सिलसिला मुंबईतही दिसतो. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी मिशनऱ्यांविरुद्ध 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये इंग्रजीत उत्तर छापलं, आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला मोरभटांच्या पुस्तिकेचा अनुवादही दिला. विल्सन यांची भाषा बोचरी होती, तरी वाचकाला दोन्ही बाजू एकाच बांधणीत मिळाल्या. 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारींनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घातला. तोही पुस्तकरूपाने छापला, तो प्रतिपक्षातल्या जॉर्ज बोवेन यांनी. काशीतल्या मराठी घराण्यातले नीलकंठशास्त्री गोरे यांची कथा तर कादंबरीत शोभावी. ख्रिस्ती धर्माच्या खंडनासाठी त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे नेहेम्या गोरे या नावाने त्यांनी षड्दर्शनांचीच चिकित्सा केली. विष्णुबावा मात्र अखेरपर्यंत आपल्या जागेवर ठाम राहिले. म्हणजे वादाने कोण कुठे जाईल, हे आधी सांगता येत नाही.

मग ख्रिस्ती श्रद्धेची बाजू वाचायला सुरुवात कुठून करायची? आधी मार्कचं शुभवर्तमान. सोळा अध्यायांचं हे चारांतलं सर्वांत छोटं शुभवर्तमान एका बैठकीत संपतं. ज्याची बाजू मांडली जाते तो विषयच माहीत नसेल, तर बाकी सारं व्यर्थ. मग सी. एस. लुईसचं 'मिअर ख्रिश्चॅनिटी'. तरुणपणी नास्तिक असलेल्या या प्राध्यापकाने दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर सामान्य श्रोत्यांसाठी दिलेल्या भाषणांतून ते तयार झालं. त्यातल्या एका भागाचा मसुदा त्याने चार वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंना आधी तपासायला दिला होता. त्यानंतर अक्वायनसचं देवाच्या अस्तित्वावरचं तेवढं एकच प्रकरण. सवड आणि चिकाटी असेल तर ओरिजेन. हेन्री चॅडविकचा 1953चा इंग्रजी अनुवाद उत्तम आहे.

पुस्तक निवडताना एक खूणगाठ बांधा. त्यात विरोधकाचा प्रश्न त्याच्याच धारदार शब्दांत आला आहे का, ते आधी पाहा. आला नसेल तर ते ठेवून द्या आणि दुसरं घ्या. श्रद्धा असो वा नसो, वाचणाऱ्याला दोन्ही बाजू समजल्याच पाहिजेत.