विळ्याचा पहारा

"डाक्टरसाहेब, आमचं रगतच खराब हाये का जी?"

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी कामाला होतो, तेव्हाची ही गोष्ट. विचारणारी बाई दाराशी उभी होती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचे हातपाय ठणकत होते, डोळे पिवळे पडले होते. दुखण्याचे नाव सिकलसेल. धाकटा भाऊ मात्र अंगणात खुशाल खेळत होता. आईबापांचे आणि भावाचे रक्त तपासले, तर तिघांतही तोच दोष निघाला, पण निम्मा. आणि तिघेही ठणठणीत! असे का?

वाचकहो, ह्याचे उत्तर हिवतापात आहे.

डास चावला की हिवतापाचा जंतू अंगात शिरतो, आधी यकृतात दडून बसतो आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींत घर करतो. पेशीतले हिमोग्लोबिन खाऊन तो पोसतो. घातक जातीच्या जंतूची पिलावळ सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडते. हुडहुडी भरते ती तेव्हाच. मग पांढऱ्या पेशी धावून येतात. काही जंतूला गिळतात, काही त्याच्यावर प्रतिद्रव्ये सोडतात. पानथरी तर रक्ताची चाळणीच! बिघडलेल्या पेशी तिथे अडकतात आणि भक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. हिवतापात पानथरी वाढते ती ह्याच कामाच्या बोजाने.

काही माणसांची तांबडी पेशी मात्र मरता मरता शत्रूलाही घेऊन मरते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला सहावा दुवा बदललेला असला, तर प्राणवायू कमी पडताच वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकते. हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला, तर एरवी सहसा त्रास होत नाही. पण जंतू शिरला की पेशी वाकते, पानथरीत अडकते आणि जंतूसकट नष्ट होते. ताप येतच नाही असे नव्हे. जिवावरचे मात्र बहुधा टळते.

आपल्याकडे निलगिरीच्या आदिवासींत हा दोष १९५२ साली आढळला. त्याचे हिवतापाशी असलेले नाते ॲन्थनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या लोकांचे रक्त तपासून दाखवून दिले. हिवतापाच्या मुलखात हे रक्त पिढ्यान्‌पिढ्या का टिकले, ते कोडे असे उलगडले.

पण ह्या पहाऱ्याची किंमत मोठी आहे. आईबाप दोघांतही निम्मा दोष असला, तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून तो येण्याची शक्यता चारांत एक. अशा मुलाला संरक्षण कुठले! पानथरीच हळूहळू निकामी होते आणि साधा हिवतापही जिवावर बेततो.

मी त्या बाईला म्हणालो, "बाई, तुमचं रक्त वाईट नाही. ह्याच रक्तानं तुमच्या कितीतरी आज्या-पणज्या तापातून वाचल्या असतील. हिला मच्छरदाणीत निजवत जा, ताप आला तर लगेच घेऊन या. आणि मुलगा मोठा झाला, की सून आणण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या."

तिने सगळे ऐकून घेतले. मुलीच्या कपाळावरून हात फिरवत ती म्हणाली, "म्हंजे साऱ्यायच्या वाटचं हिनंच भोगलं म्हना."

मी मान खाली घातली आणि औषधाची चिठ्ठी लिहू लागलो.