बिऱ्हाडकरूंचा वाडा

1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेडने एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा ते उकळल्यासारखे फसफसले. ‘उकळता दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने नाव ठेवले, झिओलाइट. पुढे 1858मध्ये आइकहॉर्नने दाखवले की चाबाझाइट आणि नॅट्रोलाइटमधले धन आयन मिठांच्या द्रावणात बदलता येतात, आणि परतही आणता येतात. इतक्या सहज निघून जाणाऱ्याला काय महत्त्व द्यायचे, ही समजूत इथे रुजली असावी. 1930मध्ये पॉलिंग आणि टेलर यांनी क्ष-किरणांच्या आधारे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची चौकट उलगडली, तेव्हा ती समजूत पक्की झाली: चौकट हा वाडा आणि ॲल्युमिनियममुळे तिच्यावर आलेला ऋणभार फेडणारे सोडियम-कॅल्शियम हे बिऱ्हाडकरू. उपमा झकास आहे, पण बिऱ्हाडकरू कोणत्या खोलीत राहतो यावर वाड्याचा स्वभाव किती ठरतो, हे तिच्यात हरवते.

पुण्या-नाशिकच्या बेसाल्टातल्या पोकळ्यांत सापडणारे पांढरे, सुईसारखे स्कोलेसाइट आणि मेसोलाइट घ्या. नॅट्रोलाइटशी त्यांची चौकट एकाच घडणीची आहे. नॅट्रोलाइटच्या पन्हळींत दोन सोडियम असतात. स्कोलेसाइटमध्ये त्यांच्याऐवजी एकच कॅल्शियम येतो आणि मोकळ्या झालेल्या जागी पाण्याचा रेणू बसतो. तेवढ्याने सममिती उतरते. मेसोलाइटला 1816मध्ये ‘मधला’ या अर्थाचे नाव मिळाले, पण तो दोघांची सरमिसळ नाही. त्यात नॅट्रोलाइटसारखा एक थर, मग स्कोलेसाइटसारखे दोन, असा क्रम शिस्तीने चालतो. म्हणून त्याच्या एकक कोशाची एक बाजू तिप्पट, सुमारे 56.7 अँगस्ट्रॉम भरते.

यावर आक्षेप येईल की हा आयनाच्या आकाराचा आणि भाराचा परिणाम आहे, जागेचा नव्हे. 1949पासून मिल्टनने प्रयोगशाळेत घडवलेला झिओलाइट ए याला उत्तर देतो. त्याच्या निर्जल सोडियम रूपात दर कोठडीमागे बारा सोडियम असतात. आठ षट्कोनी कड्यांपाशी, तीन आठ-कडी खिडक्यांत, उरलेला एक इतरत्र. खिडकी अडल्याने वाट सुमारे 4 अँगस्ट्रॉम उरते. पोटॅशियम मोठा, त्याने ती 3वर येते. इथे आक्षेप खराच आहे. कॅल्शियम मात्र सोडियमएवढाच, तरी वाट 5पर्यंत उघडते. भार दुप्पट म्हणून सहाच आयन पुरतात आणि ते सारे षट्कोनी कड्यांपाशी मावतात. म्हणजे भार संख्या ठरवतो, पण दार उघडते ते खिडकी रिकामी राहिल्यामुळेच. या जागा कायमच्या नाहीत, हेही कबूल. पाणी उडाले की आयन चौकटीतल्या ऑक्सिजनकडे सरकतात. पण सरकतात तेही ठरावीक ठिकाणीच.

1997च्या नामकरण नियमांनी आधी चौकट पाहिली, मग सर्वाधिक असलेला धन आयन नावापुढे जोडला. त्यात मोजदाद आहे, जागा नाही. नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट ही त्रयी मात्र वेगळ्या नावांनीच टिकली.