बोल्हाईचं मटण आणि फलटणची जुळी

रविवारी उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये मटणाच्या रांगेत उभा राहिलो की शेजारचे सिंधी काका हटकून विचारतात, "बकरे का है ना?" मेंढीचा त्यांना वास येतो. आम्ही पडलो फलटणकडचे धनगर. आमच्या घरी बोल्हाईचंच, म्हणजे मेंढीचंच, मटण शिजतं.

मामाचा मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर अजून कोकणात उतरतो. त्याच्या लहानपणी लोकरीला भाव होता आणि जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या लोकरीची, मऊ घोंगडी मिरवायची चीज होती. आता कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. पैसा कोकरात. आणि आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं याच ठिकाणी हात घातला. बॉन निंबकरांनी ती १९६८ मध्ये काढली. मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या, म्हणजे इरावती कर्व्यांच्या नात, चंदा निंबकर यांनी पुढे नेलं. संस्थेनं गाठली सुंदरबनची गरोळ मेंढी. मेंढी कसली, शेळीच्या करडाएवढी, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या, आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांचं जुळ्यांचं जनुक त्यांच्याकडूनच आलेलं मानतात. २००१ मध्ये त्या जनुकातला बदल सापडला. पुढे गरोळमध्येही तोच निघाला.

पण गरोळचा मेंढा थेट दख्खनीला दाखवला तर जुळ्यांबरोबर गरोळची खुजी चणही येते. म्हणून संकर पुन्हापुन्हा दख्खनीकडे आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीकडे वळवायचा, प्रत्येक पिढीत रक्त तपासायचं आणि जनुक असलेलीच कोकरं पैदाशीला ठेवायची. अंग दख्खनीचं, गुण गरोळचा. अशी 'नारी सुवर्णा' घडली.

जनुक एका पालकाकडून आलं तर मेंढी बहुधा जुळी देते. दोघांकडून आलं तर तिळीही होतात, आणि तिथं खरी पंचाईत. आचळं दोनच. अशक्त कोकरू चालणाऱ्या वाड्यात मागे पडतं.

मामाला हे सांगितलं तर त्यानं एवढंच विचारलं, "आईला दूध पुरंल का?" शास्त्रज्ञांचीही काळजी तीच: जुळ्यांच्या आईला गाभणपणी नि व्याल्यावर जास्तीचं खाणं हवं. उन्हाळ्यात ते आणायचं कुठून, हे मात्र मामाच्या कपाळी.

त्यानं यंदा एक मेंढा धरलाय. पाठ लांब, छाती रुंद. लोकर? ती त्यानं पाहिलीही नाही.