'राजीनामा देणे' म्हणजे काय देणे?

श्रोतेहो, आम्ही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तिथे नेहमी कानी पडणारे एक क्रियापद आज घ्यावयाचे आहे : 'राजीनामा देणे'.

'नामा' फारसी; अर्थ लेख. करारनामा, जाहीरनामा यांतला तोच. 'राजी' मूळचा अरबी. अर्थ संतुष्ट, कबूल. तेव्हा राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. नोकरी सोडण्याचे त्यात नावही नाही! उत्तरेकडे दाव्यात वादी-प्रतिवादींनी तडजोड लिहून दिली की तिला राजीनामा म्हणतात; नोकरी सोडणे म्हणजे इस्तीफा. आपल्याकडे जमीन सोडणारा खातेदार सरकारात राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत लिही. हक्क आपखुशीने सोडणे, हाच अर्थ नोकरीलाही लागला.

आपण कचेरीत जी 'रजा' मागतो, तीही याच अरबी धातूतून आली. रजेत मालकाची संमती, राजीनाम्यात कामगाराची.

या भावंडांची अदलाबदल कशी होते, ते आम्ही पाहिले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी एक टर्नर इंग्रजी कागदाची प्रत घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "दादा, रजेचा अर्ज म्हणून सही घेतली, आता फाटकात घेत नाहीत." आम्ही वाचले, तो राजीनामा होता. नोकरी अठरा वर्षांची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे कामगारकपात केली, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागे. अठरा वर्षांचे २७० दिवस झाले. राजीनामा दाखवला की ही भरपाई बुडाली!

१८७२ चा करार कायदा सांगतो की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. आणि जबरदस्तीने वा फसवून घेतलेली संमती मुक्त नव्हे. आमच्या टर्नरने रजा मान्य केली होती, राजीनामा नव्हे. आम्ही तेवढेच धरून भांडलो. अकरा महिन्यांनी तो कामावर लागला. तोवर बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले होते.

म्हणून विनंती एवढीच : सहीपूर्वी कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा, आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. त्या प्रतीनेच आमचा टर्नर वाचला.