मासाईंच्या कुंपणाआत

केनियातील मासाई मारा किंवा अंबोसेली पाहावयास जाणारा प्रवासी, हत्ती-सिंह पाहून झाले की, एखाद्या मासाई वस्तीकडे वळतो. दारात प्रवेशमूल्य ठरते. तांबड्या चौकड्यांची ‘शुका’ पांघरलेले तरुण गात गात जागच्या जागी उंच उड्या मारतात, काडीवर काडी घुसळून अग्नी पेटवितात; आणि शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार! आम्हीही असेच गेलो होतो. नाच आवडला नाही असे नाही. परंतु त्याहून त्या वस्तीची रचनाच आम्हांस अधिक बोलकी वाटली.

वस्तीला मासाई ‘एन्कांग’ म्हणतात. काटेरी फांद्यांचे मोठे वर्तुळाकार कुंपण, आतल्या कडेने घरे आणि मध्ये मोकळी जागा. ही जागा चावडीची नव्हे, देवळाचीही नव्हे. ती रात्री गुरे कोंडावयाची. सिंह-तरसांपासून राखावयाचे धन ते हेच. घरे बांधतात बायका. काटक्यांचा सांगाडा, त्यावर माती, गवत व शेण यांचा गिलावा. सारवलेल्या घरात वाढलेल्यांना तो वास परका वाटणार नाही. दारातून वाकूनच शिरावे लागते, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत चूल कोठे आहे तेही कळत नाही.

हे दारिद्र्य, असे पाहुणा चटकन म्हणून जातो. वस्तुतः चारा-पाणी सरले की कळप हलवावयाचा, मग पक्के घर बांधून करावयाचे काय? एन्काई या देवाने पृथ्वीवरील सारी गुरे आपल्यालाच दिली, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. शेजारच्या जमातींना ती बरीच महागात पडे, हेही सांगितले पाहिजे.

मग असे फिरते लोक रस्त्यालगत प्रवाशांची वाट पाहत का बसले? १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग झाला. तो बांधावयास हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. मार्गालगतची कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांना हवी झाली. १९०४ च्या कराराने मासाईंना दोन राखीव प्रदेशांत सारले, तेही ‘जमात असेतोवर’ अशा वचनाने. सातच वर्षांनी, १९११ मध्ये, दुसरा करार करून उत्तरेकडील लैकिपियाही काढून घेतले. मासाई न्यायालयात गेले. १९१३ मध्ये, हा दोन सत्तांमधील तह आहे, आम्हांस त्यात पडता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे १९५९ साली टांगानिकातील सेरेंगेटी उद्यानातूनही त्यांना न्गोरोंगोरोकडे हलविण्यात आले. ज्या अभयारण्यांसाठी आपण जातो, त्यांतील बरीचशी भूमी एकेकाळी यांची कुरणे होती.

तेव्हा तिथे गेल्यावर उडी किती उंच, हे विचारण्यापेक्षा गुरे कोठे चरतात हे विचारावे. आम्ही विचारले. तरुणाने अभयारण्याच्या हद्दीकडे बोट दाखविले आणि उलट विचारले, “तुमच्याकडे गाई किती?”

एकही नाही, असे आम्ही सांगितले. तो गप्प राहिला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मात्र आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.