किनाबातांगान : आठ धनेशांची नदी

कुठे : बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात. लांबी सुमारे ५६० कि.मी. सांदाकानहून सुकाऊ गाव मोटारीने दोन-अडीच तासांवर.

संरक्षण : खालच्या खोऱ्यातले सुमारे २६,००० हेक्टर जंगल २००५पासून अभयारण्य. चहूबाजूंनी पाम तेलाच्या बागा. त्यामुळे पशुपक्षी काठच्या चिंचोळ्या पट्ट्यात एकवटतात आणि होडीतून सहज दिसतात. हे दर्शनसुख तसे महागातच पडलेले!

काय दिसते : बोर्निओतल्या धनेशांच्या आठही जाती, दुर्मीळ स्टॉर्म करकोचा, खंड्या, मत्स्यगरुड. शिवाय लांबनाकी माकडे.

जवळून पाहा : गेंडा धनेशाचे वर वळलेले शिंग. ते मुळात पांढुरके असते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीवर पक्षी चोच आणि शिंग घासतो, तेव्हा त्यांवर नारिंगी-लाल रंग चढतो.

फेरी कधी : पहाटे किंवा दुपारी चारनंतर. मेनंगुलसारख्या अरुंद उपनदीत इंजिन मंद ठेवायला सांगा.

हंगाम : एप्रिल ते ऑक्टोबर सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत पाऊस जोरात, पुराची शक्यता.

सोबत : ८ × ४२ दुर्बीण, रेनकोट, कॅमेऱ्यासाठी जलरोधक पिशवी.