व्हिसाची मुदत संपल्यावर

कवठे येमाईस देवीचें दर्शन घेऊन मुलगा नोकरीसाठीं दुबईस निघाला, म्हणजे "पासपोर्ट घेतलास ना?" असें घरचीं सर्व माणसें विचारतात; व्हिसाची मुदत कधीं संपते, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. या दोहोंतील भेद आम्ही येथें थोडक्यांत सांगतों. पासपोर्ट आपलें सरकार देतें. त्यावरून आपण कोण हें कळतें. व्हिसा म्हणजे परक्या सरकारनें आपल्या मुलखांत येऊन ठराविक काळ राहण्यास दिलेली परवानगी होय. पासपोर्ट दहा वर्षांचा असला, तरी ती परवानगी आधींच संपूं शकते.

मग काय होतें? संयुक्त अरब अमिरातींत सवलतीचे दिवस उलटले कीं रोज ५० दिरहम दंड चढूं लागतो. शंभर दिवसांचे ५,००० झाले. मनुष्य घाबरून लपतो, मिळेल तें काम करतो, आणि मजुरी बुडाली तरी फिर्याद करावयास धजत नाहीं. दंड कांहीं त्याच्याबरोबर लपत नाहीं!

अशा वेळीं अबू धाबी येथील आपली वकिलात किंवा दुबई येथील कॉन्सुलेट गांठावी. पासपोर्ट हरवला असल्यास, ओळख पटल्यावर, केवळ स्वदेशीं परतण्यापुरता दाखला तेथें मिळतो. दंड माफ करणें मात्र त्यांच्या हातीं नाहीं. तो अधिकार तेथील सरकारचा. त्या सरकारनें २०१८ सालीं, आणि पुनः १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळांत, दंड माफ करून लोकांस कागदपत्र नीट करण्याची अथवा परत जाण्याची मुभा दिली होती. तशी संधि पुनः केव्हां येईल, याचा नेम नाहीं. पालकांनीं व्हिसाची एक प्रत घरीं ठेवावी, व मुलाच्या पगाराची चौकशी करितांना मुदतीचीही करावी.